एपकॉटचा फुलांचा उत्सव : आधी बाग, मग राइड, खाणं सगळ्यात शेवटी

अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑरलँडोच्या एपकॉट या डिस्नेच्या पार्कमध्ये आत शिरलं की समोर १८० फूट उंचीचा चंदेरी गोल दिसतो. वसंत ऋतूत त्याच्या पायथ्याशी डिस्नेच्या पात्रांचे पानाफुलांचे भलेमोठे पुतळे उभे असतात. बहुतेक कुटुंबं तिथे एक फोटो काढतात आणि थेट राइडच्या रांगेकडे धावतात. दिवस बिघडायला सुरुवात होते ती इथेच. राइड वर्षभर असतात. ही बाग वर्षातून साधारण तीन महिने असते, आणि ती सकाळीच बघायची असते.

उत्सवाचं नाव 'इंटरनॅशनल फ्लॉवर अँड गार्डन फेस्टिव्हल'. १९९४ साली तो सुरू झाला. २०२५ मध्ये ५ मार्च ते २ जून, म्हणजे नव्वद दिवस चालला. तारखा दरवर्षी थोड्या मागेपुढे होतात, पण मार्चच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास तो सुरू होतो हे नक्की. महाराष्ट्रातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी यात पडते. मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेत उन्हाळ्यात राहायला येणारे आई-बाबाही साधारण याच दिवसांत येतात. म्हणून हे परीक्षण नातवंडांपासून आजी-आजोबांपर्यंत एकत्र जाणाऱ्या घरासाठी लिहिलं आहे.

उत्सवाला वेगळं तिकीट नाही. एपकॉटचं त्या दिवसाचं तिकीट काढलं की बागा, फुलपाखरांचं घर, मुलांची खेळायची जागा आणि संध्याकाळचं गाणं-बजावणं हे सगळं त्यातच येतं. वेगळे पैसे लागतात ते खाण्यापिण्याला, खरेदीला आणि मुलांच्या एका खेळाच्या नकाशाला. आमचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. बागकाम म्हणून हा उत्सव अव्वल आहे आणि केवळ त्यासाठी एपकॉटची वारी मार्च ते मे या महिन्यांत ठरवावी. खाण्याच्या टपऱ्या निवडून घेतल्या तर चांगल्या, सरसकट घेतल्या तर खिसा रिकामा करणाऱ्या. आणि मे महिन्यातली दुपार लहान मुलांसाठी व वयस्कर मंडळींसाठी उघड्यावर काढण्याजोगी नाही.

पानाफुलांचे पुतळे

या उत्सवाचा जीव म्हणजे टोपिअरी, म्हणजेच झाडा-वेलींना आकार देऊन घडवलेले हे पुतळे. झाड वर्षानुवर्षं कातरून आकार देण्याची जुनी पद्धत वेगळी. तिला बऱ्याचदा पाच-सात वर्षंही लागतात. इथल्या बहुतेक पुतळ्यांची रीत दुसरी आहे. आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा वेल्डिंग करून घेतात. मोठ्या पुतळ्याच्या पोटात थर्मोकोल भरतात, म्हणजे वजन आणि लागणारं पाणी दोन्ही कमी होतं. त्यावर ओल्या स्फॅग्नम मॉसचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा, थर दाबून बसवतात आणि त्या मॉसमध्ये रोपं खोचतात. आतून ठिबकच्या नळ्या फिरवलेल्या असतात. द्राक्षाच्या किंवा उसाच्या ठिबकात जो हिशोब असतो तोच इथेही आहे, फक्त जमीन आडवी नसून उभी आहे. पाणी वरून खाली उतरतं, त्यामुळे पुतळ्याचं डोकं आधी कोरडं पडतं आणि पाय चिखलतात. नळी एका जागी चोंदली की त्याच्या खालचा वीतभर पट्टा तपकिरी होतो. पुतळ्याजवळ गेलात की असा पट्टा शोधून बघा. मोठ्यांना रस वाटतो आणि मुलांना पुतळा 'जिवंत' आहे हे एका झटक्यात कळतं.

हिरव्या अंगासाठी सर्वात जास्त वापरतात ती फायकस प्युमिला. आपल्याकडे बंगल्यांच्या कंपाउंडच्या भिंतीला चिकटून चढणारी बारीक पानांची वेल, तीच ही. लाल-जांभळ्या कपड्यांसाठी अल्टरनँथेरा आणि बेगोनिया. केसांसाठी, दोऱ्यांसाठी, प्राण्यांच्या लोकरीसाठी झावळ्यांचे धागे. राखाडी-पांढऱ्या भागासाठी लायकेन, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यात पडणाऱ्या दगडफुलाच्या जातकुळीतलं. जवळून पाहिल्याशिवाय यातलं काहीच ध्यानात येत नाही. दहा फुटांवरून जो एकसंध रंग दिसतो, तो दोन फुटांवरून चार वेगवेगळ्या वनस्पतींचा निघतो.

सर्वात अवघड असतो चेहरा. वेल वाढते, चेहरा तसाच राहायला हवा. नाक-डोळ्यांच्या भोवती वाढ आठवडाभर सुटली तरी पात्र ओळखू येईनासं होतं, म्हणून तिथे कातरी सतत चालू ठेवावी लागते. शेवटच्या आठवड्यांत अंगावरची वेल जाड, गुबगुबीत झालेली असते पण चेहरा नेटका असतो, हा फरक त्या कातरकामाचा. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन पाहिलेल्यांना याचं मोल जास्त कळेल. तिथे फुलं काही दिवस टवटवीत ठेवायची असतात आणि हवा थंड असते. इथे वाढत्या उन्हात तीन महिने काढायचे असतात, आणि रोज सकाळी पहिल्या दिवसासारखंच दिसायचं असतं.

मार्चमधली बाग आणि मेमधली बाग एक नसते. मार्चमध्ये पेटुनिया, पॅन्सी, डॉग फ्लॉवर ही थंडी मानवणारी फुलं जोरात असतात. एप्रिल सरता सरता मध्य फ्लोरिडातली रात्रही उबदार होते आणि ही झाडं बसतात. मग बेगोनिया, पेंटास, कोलियस, सदाफुली यांच्यासारख्या उन्हाळी झाडांवर भिस्त येते. फुलांची विविधता बघायची असेल तर मार्चचा उत्तरार्ध ते एप्रिलचा मध्य उत्तम. पण त्याच काळात अमेरिकी शाळांची वसंताची सुट्टी आणि इस्टर येतो, आणि गर्दी कळसाला पोचते. एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेचा पहिला पंधरवडा, मंगळवार ते गुरुवार, हा आमच्या मते कुटुंबासाठी सर्वांत बरा मेळ आहे. फुलं थोडी कमी रंगांची, रांगा आखूड, ऊन कडक पण पाऊस अजून लागलेला नाही. मेच्या अखेरीपासून दुपारी तीन-चारच्या सुमारास विजांसह सरी कोसळू लागतात. विजा जवळ आल्या की उघड्यावरच्या राइड आणि कार्यक्रम थांबवतात, त्यामुळे अख्खी दुपार वाया जाऊ शकते.

पार्कच्या मागच्या भागातल्या तलावाभोवती मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन आणि कॅनडा अशा अकरा देशांची दालनं आहेत. या भागाला वर्ल्ड शोकेस म्हणतात. यातल्या कुठल्या दालनात कोणती टोपिअरी, हे वर्षागणिक थोडं बदलतं, पण तीन जागा आवर्जून बघाव्यात. जपानच्या दालनात उत्सवाच्या काळात बोन्सायचं प्रदर्शन मांडलेलं असतं. ते शांतपणे बघायचं असेल तर वर्ल्ड शोकेस उघडताच तिकडे जा. संध्याकाळी तिथे खाण्याच्या थाळ्या हातात घेतलेल्यांची दाटी असते. ब्रिटनच्या दालनामागची बाग सावलीची आणि बसायला बरी आहे. कॅनडाची व्हिक्टोरिया गार्डन्स ही ब्रिटिश कोलंबियातल्या बुचार्ट गार्डन्सवरून बेतलेली आहे आणि ती वर्षभर असते, तरी वसंतात तिचं रूप वेगळंच. पार्कच्या पुढच्या भागातल्या पाण्यावर तरंगणारे फुलांचे छोटे ताटवे सोडलेले असतात. ते काठावरून नाही तर पुलावरून बघावेत, म्हणजे त्यांची नक्षी दिसते.

फुलपाखरांचं घर

हे जाळी लावलेलं, झाडांनी भरलेलं दालन मुलांसाठी उत्सवातलं सर्वांत मोलाचं ठिकाण. आत फुलपाखरं मोकळी उडतात. एका बाजूला कोश टांगलेले असतात आणि नशिबात असेल तर त्यातून फुलपाखरू बाहेर येतानाही दिसतं. मुलांना घेऊन जाताना दोन फुलपाखरं आणि त्यांची झाडं आधी सांगून ठेवा. मोनार्क फुलपाखरू मिल्कवीडवर अंडी घालतं. मिल्कवीड आपल्या रुईच्या कुळातलं. आपल्याकडचं प्लेन टायगर फुलपाखरू मोनार्कचं जवळचं नातेवाईक आहे, आणि ते रुईवरच अंडी घालतं. दुसरं, काळ्या अंगावर पिवळे पट्टे असलेलं झीब्रा लाँगविंग. हे फ्लोरिडाचं राज्य-फुलपाखरू. याच्या अळ्या कृष्णकमळाच्या कुळातल्या वेलींची पानं खातात. माळरानावरची रुई आणि अंगणातली कृष्णकमळाची वेल ओळखणाऱ्या मुलाला इथे परकं वाटत नाही.

वेळेची चूक इथे हमखास होते. फुलपाखरं अंग तापल्याशिवाय उडत नाहीत. अगदी लवकर गेलं तर ती पानांवर गप्प बसलेली असतात. संध्याकाळी गेलं तर घर बंद झालेलं असू शकतं, कारण ते पार्कच्या आधीच मिटतं. पाऊस, जोराचा वारा किंवा गारठा असला तरी बंद ठेवतात. दहा ते बारा ही वेळ धरा. आत मुलांना गडद साध्या कपड्यांपेक्षा भडक लाल-केशरी घातलेलं बरं, कधी कधी फुलपाखरू येऊन बसतं. पंखांना हात लावू देऊ नका, पंखावरची भुकटी म्हणजे त्याचे खवले असतात आणि ते पुन्हा उगवत नाहीत. बाहेर पडताना पाठीवर, पिशवीवर, टोपीवर एखादं बसलंय का ते एकमेकांचं तपासा. बाबागाडी आत नेण्यापेक्षा बाहेर लावलेली सोयीची. वाट अरुंद असते.

मुलांसाठी आणखी काय

'स्पाइक' नावाची मधमाशी शोधायचा खेळ आहे. साधारण दहा डॉलरला नकाशा आणि स्टिकर मिळतात. वर्ल्ड शोकेसमधल्या बागांत ठिकठिकाणी लपवलेली मधमाशी शोधायची, नकाशावर योग्य जागी स्टिकर लावायचा आणि शेवटी तो दाखवून लहानसं बक्षीस घ्यायचं. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी हा खेळ पैसे वसूल करणारा आहे, कारण त्यामुळे जवळजवळ दोन किलोमीटरची तलाव-प्रदक्षिणा कुरकुर न करता होते. नकाशा सकाळीच घ्या. दुपारी चार वाजता घेणारे अर्ध्यातच थकतात. दोन भावंडांत एक नकाशा पुरतो, बक्षीस मात्र एकच मिळेल हे आधी सांगून ठेवलेलं बरं. चार वर्षांखालच्यांना हा खेळ कळत नाही. त्यांच्यासाठी उत्सवात उभारलेल्या झोपाळे-घसरगुंडीच्या तात्पुरत्या बागा आहेत. त्यांची जागा दरवर्षी बदलते, त्या दिवसाच्या नकाशात बघून घ्यावी.

राइडपैकी बागकामाशी नातं असलेली एक चुकवू नका, 'लिव्हिंग विथ द लँड'. सुमारे चौदा मिनिटांची संथ होडी, उंचीची अट नाही, आत थंडगार. होडी खऱ्या हरितगृहांतून जाते. तिथे मातीशिवाय पाण्यात वाढवलेल्या भाज्या, हवेत लोंबणाऱ्या मुळांवर फवारा मारून वाढवलेली रोपं, माशांच्या टाक्या असं सगळं चालू स्थितीत दिसतं. शेतीची पार्श्वभूमी असलेल्या आजोबांना ही राइड दोनदा करावीशी वाटते. पाय चालत असतील तर 'बिहाइंड द सीड्स' ही साधारण तासाभराची, वेगळ्या तिकिटाची पायी फेरी घ्या. हरितगृहांत वाटाड्या सगळं समजावून सांगतो. तिची जागा आधी आरक्षित करावी लागते.

उंचीच्या अटी घरीच मोजून निघा. सोअरिन आणि टेस्ट ट्रॅकसाठी ४० इंच, म्हणजे १०२ सेंटिमीटर. गार्डियन्सच्या रोलर कोस्टरसाठी ४२ इंच, म्हणजे १०७ सेंटिमीटर. फ्रोझन आणि रेमीच्या राइडना उंचीची अट नाही. लहानग्याला उंची कमी पडली तर 'रायडर स्विच' मागायचा. एक पालक मुलाजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही.

खाणं

'आउटडोअर किचन' या नावाने पंधराच्या वर टपऱ्या लागतात. प्रत्येकीत तीन-चार पदार्थ आणि तितकीच पेयं. पदार्थ चाखण्यापुरता असतो, तीन-चार घास. किंमत साधारण ६ ते १० डॉलर, वर कर. चौघांनी प्रत्येकी दोन पदार्थ घेतले तर पासष्ट-सत्तर डॉलर सहज जातात आणि पोट भरत नाही. या हिशोबाने जेवायला जाणाऱ्यांची निराशा ठरलेली. टपऱ्यांकडे जेवण म्हणून न बघता, चार तोंडांत एक पदार्थ वाटून चार-पाच गोष्टी चाखायच्या, असं ठरवलं तर मजा येते. बहुतेक टपऱ्यांभोवती झाडं-वनस्पतींची लहानशी मांडणी असते. पुदिना, बेसिल, मिरची, लिंबूवर्गीय झाडं तिथेच ओळखता येतात, आणि पदार्थ हातात येईपर्यंत मुलांचा वेळ बरा जातो.

शाकाहारी मंडळींनी हे नीट वाचावं. मेनूवर हिरव्या पानाचं चिन्ह असेल तर त्या पदार्थात मांस, मासे, अंडं, दूध आणि मध यांतलं काहीच नसतं. निवांतपणे घ्यावं असं हे एकमेव चिन्ह. नुसता 'व्हेजिटेबल' शब्द दिसला म्हणून घेऊ नका. सुपाला चिकनचा स्टॉक, बीन्सला चरबी, आशियाई सॉसमध्ये माशाचा अर्क, गोड पदार्थात जिलेटिन आणि वरून भुरभुरलेला बेकन, हे पाच नेहमीचे गुन्हेगार. टपरीवर घटकांची माहिती असलेली वही ठेवलेली असते, ती मागा. रांगेत मागच्यांचा विचार करून संकोचू नका. ऍलर्जी आणि आहाराचे प्रश्न तिथे रोज विचारले जातात आणि नीट उत्तर मिळतं. अंडं न खाणाऱ्यांनी केक आणि पेस्ट्री पानाच्या चिन्हाशिवाय घेऊ नये.

'गार्डन ग्रेझ' नावाची एक योजना असते. भाज्यांवर भर देणारे ठरावीक पदार्थ पाच वेगवेगळ्या टपऱ्यांवरून घ्यायचे, उत्सवाच्या मोफत पुस्तिकेत शिक्के घ्यायचे आणि शेवटी एक छोटी मेवा-मिठाई मिळवायची. फुकटाच्या त्या शेवटच्या घासासाठी पाच पदार्थ घेऊ नका. पण नाहीतरी शाकाहारी काही घेणार असाल तर याच यादीतून निवडा, म्हणजे शोधाशोध वाचते. पदार्थ खरोखर शाकाहारी आहे का ते मात्र तरीही विचारा.

पेयांत जांभळ्या रंगाचं गोठवलेलं व्हायोलेट लेमोनेड मुलांना आवडतं. ते बिनदारूचं आहे, आणि पाइनॅपल प्रोमनेड या टपरीवर मिळतं. एक पेला दोघांत पुरतो, साखर बरीच असते. गारेगार दिसणाऱ्या रंगीत पेयांपैकी पुष्कळांत वाइन किंवा रम असते. मेनूत दारूचं लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात. मुलांसाठी मागताना दरवेळी 'नॉन-अल्कोहोलिक' असं स्पष्ट म्हणावं. याचाच दुसरा भाग असा की शुक्रवार आणि शनिवारच्या संध्याकाळी वर्ल्ड शोकेसमध्ये स्थानिक तरुणांची पिणारी गर्दी जमते. भांडणतंटा क्वचितच होतो, पण आवाज आणि रेटारेटी असते. लहान मुलं, चाकाच्या खुर्चीतली आजी असं कुटुंब असेल तर आठवड्याच्या मधला दिवसच घ्या.

घरचं खाणं आत नेता येतं. ही सोय अनेकांना ठाऊकच नसते. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे पराठे, कोरडी लसणाची चटणी, लाडू असं गरम करावं न लागणारं काहीही चालतं. काचेची बरणी चालत नाही, लहान बाळाच्या खाण्याची छोटी बाटली अपवाद. कूलरमध्ये सुटा बर्फ चालत नाही, गोठवलेले जेल पॅक चालतात. कूलर २४ × १५ × १८ इंचांपेक्षा मोठा नको. लोणचं तेल सुटणारं असेल तर दोन पिशव्यांत बांधा, सुरक्षा तपासणीत डबे उघडून दाखवावे लागतात. पिण्याच्या पाण्यावर खर्च करू नका. जिथे काउंटरवरून खाणं मिळतं अशा उपाहारगृहात बर्फ घातलेल्या पाण्याचा पेला फुकट देतात, मागायचा तेवढा अवकाश.

दिवस कसा लावावा

वर्ल्ड शोकेसची बहुतेक दालनं आणि टपऱ्या अकराला उघडतात, पुढचा भाग त्याआधी. डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना अर्धा तास लवकर आत सोडतात. प्रवेशद्वारावर उघडण्याच्या पाऊण तास आधी पोचा. आत शिरताच प्रवेशाजवळच्या टोपिअरी बघा, फोटो काढा. यावेळी पानांवर पाणी असतं, ऊन तिरपं असतं आणि पुतळ्यासमोर कोणी नसतं. मग एखादी महत्त्वाची राइड, मग फुलपाखरांचं घर. अकराला वर्ल्ड शोकेसकडे वळा आणि दीड-दोन तासांत बागा उरका. एक ते चार या वेळेत छताखाली जा. अमेरिकेच्या दालनातला सुमारे अर्ध्या तासाचा कार्यक्रम, मेक्सिकोच्या पिरॅमिडच्या आतली होडी, नीमोचं मत्स्यालय, आणि लिव्हिंग विथ द लँड हे सगळं वातानुकूलित आहे. जवळ हॉटेल असेल तर मुलांना झोपायला घेऊन जाणं याहूनही उत्तम. त्याच तिकिटावर परत येता येतं. पाचनंतर टपऱ्या, सातच्या सुमारास अमेरिकेच्या दालनासमोरच्या उघड्या रंगमंचावरचं गाणं, आणि शेवटी तलावावरची आतशबाजी 'लुमिनस'. गाण्याचे बहुधा संध्याकाळी एकाहून अधिक छोटे प्रयोग होतात. पहिला सर्वांत रिकामा असतो.

चालणं आठ-दहा किलोमीटर धरा. नवे बूट घालून येऊ नका. आजी-आजोबांसाठी प्रवेशद्वाराशी चाकाची खुर्ची भाड्याने मिळते. विजेवर चालणाऱ्या खुर्च्या थोड्या असतात, सकाळीच संपतात. तलाव ओलांडायला फ्रेंडशिप नावाच्या मोफत होड्या आहेत, त्या जर्मनी आणि मोरोक्को या बाजूंना सोडतात. अर्धी प्रदक्षिणा पायी आणि उरलेली होडीने, हा वयस्करांसाठी चांगला मार्ग. बाळासाठी दूध पाजायची, कपडे बदलायची खोली ओडिसी इमारतीजवळ आहे. बाबागाडी ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब यापेक्षा मोठी चालत नाही. ओढायच्या गाड्या, म्हणजे वॅगन, अजिबात आत घेत नाहीत.

तिकिटाचा दर तारखेनुसार बदलतो. मोठ्यांचं तिकीट दीडशे डॉलरच्या आसपास, गर्दीच्या तारखांना बरंच वर. तीन ते नऊ वर्षांच्या मुलांचं थोडं स्वस्त, तीन वर्षांखालचं फुकट. गाडी लावायचे पैसे वेगळे. तारखेच्या तिकिटाला २०२४ च्या जानेवारीपासून वेगळं आरक्षण लागत नाही. खाण्यावरचा खर्च आवाक्यात ठेवायचा असेल तर उत्सवाचं मनगटावर अडकवायचं गिफ्ट कार्ड घ्या आणि त्यात ठरवलेली रक्कम भरा. ती संपली की टपऱ्या संपल्या.

परतताना काही जण बी किंवा रोप घेऊन भारतात नेण्याचा विचार करतात. भारतात वनस्पतींच्या आयातीला २००३ चा क्वारंटाइन आदेश लागू आहे. परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला नसेल तर विमानतळावर ते काढून घेतात. त्याची गरजही नाही, छोटा पुतळा घरीच करता येतो. फायकस प्युमिला पुण्या-मुंबईच्या कोणत्याही बऱ्या नर्सरीत मिळते. ससा किंवा बदक अशा साध्या आकाराचा, फूटभर उंचीचा, गॅल्व्हनाइज्ड तारेचा सांगाडा करा. मॉस अर्धा तास पाण्यात भिजवून, हलकं पिळून आत घट्ट दाबा आणि बाहेरून नायलॉनच्या दोऱ्याने बांधा. मुळं धरलेली लहान रोपं दोन-अडीच इंचांवर खोचा आणि पुढे वाढणाऱ्या फांद्या केसांच्या आकड्यांनी मॉसला टाचा. पहिले पंधरा दिवस सावलीत ठेवून दिवसातून दोनदा फवारा, मग सकाळचं कोवळं ऊन. एप्रिल-मेमध्ये लावाल तर मॉस फार लवकर वाळतं आणि एकदा कडक वाळलेलं मॉस पुन्हा पाणी नीट धरत नाही, म्हणून जूनच्या पहिल्या पावसानंतर लावा. शेंडे दर पंधरा दिवसांनी खुडत राहिलं तर दिवाळीच्या सुमारास सांगाडा झाकला जातो.